खाडीपलीकडची तीन गावं

माझे वडील उज्जैनच्या तारघरात नोकरीला होते. आजी गेली तेव्हा मी तिसरीत होतो. आत्याला तार त्यांनी स्वतःच्या हाताने पाठवली. आत्या अंदमानात नर्स होती. पोर्ट ब्लेअरहूनही बोटीने पुढे जावं लागे अशा एका बेटावर तिचा सरकारी दवाखाना होता. तार तिच्या हातात पडली याची बाबांनी दुसऱ्या दिवशी लाइनीवर विचारून खात्री करून घेतली. मग ते रोज वाट बघत राहिले.

दहावा झाला, तेरावा झाला. आत्या आली ती महिना संपल्यावर. मी अंगणात होतो. टांग्यातून उतरली तेव्हा ती इतकी वाळली होती की मी तिला ओळखलंच नाही. बाबा दारात उभे राहिले, बाजूला झाले नाहीत.

"आता कशाला आलीस?" ते म्हणाले.

आत्याने हातातली पिशवी खाली ठेवली. आईने तिला हाताला धरून आत नेलं. दोन दिवस ती राहिली, आजीच्या खोलीत बसून राहिली, आणि परत गेली. त्यानंतर बाबांनी घरात तिचं नाव काढलं नाही. दिवाळीला तिचं पत्र यायचं, उत्तर आई लिहायची.

पुढे मी मोठा झालो, औषधांच्या एका नव्या कंपनीत एमआर म्हणून लागलो. ते दिवसच असे होते की रोज एखादी नवी कंपनी शहरात यायची. टावर चौकात दर महिन्याला नवी पाटी लागायची, आणि माझ्यासारखी पोरं टाय लावून स्कूटरवर डॉक्टरांच्या मागे फिरायची. एका वर्षी माझं काम चांगलं झालं म्हणून कंपनीने बक्षीस दिलं, अंदमानची सहल. घरी सांगितलं तर आई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

निघताना आईने शेवेची पिशवी आणि मसाल्याचा डबा माझ्या बॅगेत घातला. "तिला म्हणावं, मी पाठवलंय," ती म्हणाली. मग बाबांकडे बघून हळूच म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी."

बाकीचे लोक पोर्ट ब्लेअरहून परत फिरले, मी चार दिवस जास्त राहिलो. बोटीतून उतरलो तर धक्क्यावर आत्या उभी होती. केस पांढरे, पायात रबरी चप्पल.

"बिल्कुल दादासारखा दिसून राहिला रे तू," ती म्हणाली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. एवढ्या वर्षांनी तिची मराठी आमच्या गल्लीतल्यासारखीच होती. तिथे मराठी बोलायला तिला कोणीच नव्हतं, त्यामुळे ती जशी नेली तशी राहिली असावी.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बुधवारी आत्या खाडीपलीकडच्या तीन कोळी गावांत लहान मुलांना लस द्यायला जायची. मी म्हटलं, मीही येतो. ती थोडी घुटमळली, मग "चल" म्हणाली.

आम्ही डोंगीतून गेलो. डोंगी म्हणजे लाकूड कोरून केलेली अरुंद होडी. दोन्ही बाजूला पाण्यात मुळं सोडून उभी असलेली झाडं, आणि वल्ह्याशिवाय कसलाच आवाज नाही. ती गावं म्हणजे वीस-पंचवीस झोपड्या, माडांच्या सावलीत. लोक आंध्राच्या किनाऱ्यावरून आलेले, आपसात तेलुगू, पण बाकी सगळ्यांशी हिंदी बोलणारे. वाळूवर बारीक मासळी वाळत घातलेली. बाया पाय पसरून जाळी शिवत बसलेल्या. दुपारी पुरुष झोपलेले असत, कारण पहाटेच समुद्रावरून येत. आमच्याकडे एवढी शांतता घरात कोणी आजारी असलं तरच असते. आत्या आली की मात्र झोपड्यांतून हाका सुरू व्हायच्या. "सिस्टर! सिस्टर!" एकीने तिच्या पुढ्यात भात आणि मासळीचं कालवण ठेवलं. ती निवांत जेवली.

"तू मासळी खातेस?" मी विचारलं.

"नाही खाल्लं तर या काय खाऊ घालतील मला?" ती म्हणाली. "घरी सांगू नको मात्र."

तिसऱ्या गावात आत्या एका झोपडीत बाळंतिणीला बघायला गेली, मी बाहेर एका म्हाताऱ्या नावाड्याजवळ बसलो. त्याने विचारलं, तू सिस्टरचा कोण. मी म्हटलं, भावाचा मुलगा. त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"वो भाई, जिसका माँ मर गया था?"

मी हो म्हटलं.

मग त्याने सांगितलं. तार आली तेव्हा समुद्र खवळलेला होता. मोठी बोट आठ दिवस धक्क्याला लागली नाही. आत्या रोज धक्क्यावर जाऊन बसायची. नवव्या दिवशी कळलं की बोट आली आहे, पण ती पलीकडच्या बेटावर थांबून तिथूनच परत जाणार.

"सिस्टर बहुत रोया," म्हातारा म्हणाला. "हम बोला, पानी खराब है। मेरा छोटा भाई बोला, हम लेके जाएगा। दोनों भाई लेके गया। खाड़ी के मुँह पे डोंगी पलट गया।" त्याने खाडीकडे हात केला. "सिस्टर को हम पकड़ लिया। भाई नहीं मिला।"

त्या भावाची बायको होती, दोन लहान मुली होत्या. आत्या तिच्या झोपडीत तीन आठवडे राहिली. मग उज्जैनला गेली, आणि पंधरवड्यात परत आली. त्या दोन मुलींना तिनेच शिकवलं.

"तिच्यावर रागावला नाहीत तुम्ही?" मी हिंदीत विचारलं.

"किस पे?" तो म्हणाला. "उसका माँ मरा था।"

परतताना डोंगी खाडीच्या तोंडापाशी आली तेव्हा आत्याने हातातली औषधांची पेटी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. मला तेव्हा समजलं की दर बुधवारी ती इथून दोनदा जाते.

"तू बाबांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

खाडीचं तोंड मागे पडल्यावर तिने डोळे उघडले. मग म्हणाली, "काय सांगणार होते बेटा? आईच्या दिवसांना म्हणून निघाले न एका माणसाचा जीव घेऊन आले? दादा विचारत होता, उशीर का केला. त्याच्या जागी तो बरोबर होता."

घरी आल्यावर मी जेवताना सगळं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"तार पोचली होती," ते म्हणाले. "मी स्वतः विचारलं होतं."

"तार पोचली होती," आई म्हणाली. "तिला पोचता आलं नाही."

"मग सांगायचं तिने."

"तुम्ही दारातून आत येऊ दिलंत का तिला?"

बाबा उठून हात धुवायला गेले ते मोरीतच उभे राहिले. नळ वाहत होता. आईने मला खुणेने बसवलं.

त्यांनी पत्र लिहायला घेतलं. आठ-दहा दिवस रोज बसायचे, कागद फाडायचे. आयुष्यभर लोकांच्या तारा कमीत कमी शब्दांत बसवून दिल्या, स्वतःचे शब्द मात्र सापडेनात. शेवटी मीच तिच्या दवाखान्याच्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवला आणि ठरल्या वेळी त्यांना टावर चौकातल्या एसटीडी बूथवर घेऊन गेलो. तिसऱ्या प्रयत्नाला फोन लागला. बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. काचेच्या बाहेरून मला त्यांची पाठ दिसत होती, हलत होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" तिने काही सांगितलं असावं. "बरं," ते म्हणाले, "बरं, बरं." आणि लाइन तुटली.

तेवढंच बोलणं झालं. थंडीत स्वतः अंदमानला जायचं त्यांनी ठरवलं होतं, पण त्याआधीच एका सकाळी दाढी करताना ते खाली बसले आणि उठले नाहीत.

आत्या नवव्या दिवशी आली. स्टेशनवर उतरली तेव्हा तिने मला एवढंच सांगितलं, "या वेळी समुद्र शांत होता." दहाव्याला ती आमच्याबरोबर राम घाटावर होती. गुरुजी मंत्र सांगत होते आणि ती पायरीवर पाण्यापासून दूर बसून होती. मी म्हटलं, पुढे ये. तिने मानेनेच नाही म्हटलं.

तेराव्याला शेजारच्या काकू आल्या. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "इतकी वर्षं भावाकडे फिरकला नाहीत हो तुम्ही?"

आईने पानं वाढायचं थांबवलं. ती बोलणार एवढ्यात आत्याने तिचा हात धरला.

"नोकरी होती ना," आत्या म्हणाली. "सुट्टी मिळायची नाही."

काकूंनी "हो का" म्हटलं आणि त्या आपल्या सुनेबद्दल बोलू लागल्या. आत्या मान हलवत ऐकत राहिली.

मी तिला खूप म्हटलं, आता इथेच राहा. आईनेही म्हटलं. ती म्हणाली, खाडीपलीकडच्या त्या दोघींतल्या धाकटीचं लग्न ठरतंय, मलाच बघावं लागणार. दोन दिवसांनी मी तिला देवास गेटच्या स्टँडवर इंदूरच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून तिने माझा हात धरून ठेवला होता. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा सोडला.