न चाखता रांधणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंनी, कौसाबाईंनी, अकरा महिने माझ्या घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक केला आणि माझ्या घरचा एक कणसुद्धा तोंडात घातला नाही. पाण्याचा घोटही नाही. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता कोण पाळतं? कौसाबाई पाळायच्या. विष्णुपुरीत आमच्या मागच्या गल्लीत त्यांची बहीण राहते. त्या तिच्याकडं उतरायच्या, तिथंच जेवायच्या आणि इथं येऊन मला जेवू घालायच्या.

त्यांना यावं लागलं ते माझ्यामुळं. बीपीनं मी न्हाणीत पडलो. डॉक्टर म्हणाले, मीठ-तेल तोडा, नाहीतर पुढच्या वेळी उठणार नाही. सून ज्योती बिचारी अळणी करून वाढायची आणि मी ताट सरकवायचो. उभा जन्म गवंडीकाम केलं, ठेचा-भाकरीवर भिंती चढवल्या. मी काय खायचं ते दुसऱ्यानं सांगावं, हे मला पटणारं नव्हतं. मेलो तर मेलो. पण दहा-बारा दिवसांत मी माझ्याच बांधलेल्या भिंतीला धरून चालायला लागलो, तेव्हा ज्योतीनं रडत हदगावला आईला फोन लावला.

पहिल्याच दिवशी कौसाबाई मला, म्हणजे त्यांच्या व्याह्याला, म्हणाल्या, “इवाई, ताट सरकवा खुशाल. मी उचलणार न्हाई. मुंग्या जेवतील, त्याहीला बीपी न्हाई.”

मी तोंड फिरवलं. त्यांनी वाटीवर झाकण ठेवून ती माझ्यापुढं केली. “डोळे मिटा. वास घ्या. भरतात काय घातलंय, वळखा. वळखलं तर नका खाऊ. चुकलात तर भाकर संपवायची.”

“मला लेकरू समजून राहिल्या का?”

“लेकरू असता तर कान धरला असता.”

मी वास घेतला. आयुष्यभर खाल्लेलं वांगं, न ओळखायला काय झालं! छातीठोक सांगितलं, “कारळ.”

“जवस. भाजून कुटलेला. हरलात. खा आता.”

शब्दाला जागणारा माणूस मी. खाल्लं. आणि दुसऱ्या दिवशी जिंकायचं म्हणून दोन तास आधीच ओट्यावर येऊन बसलो.

मग रोज तेच. तीच ज्वारी, तीच डाळ, पण कधी भाकरीत तीळ, कधी वरणात निखाऱ्यावर भाजलेला लसूण, कधी कॅनॉलच्या कडेनं खुडून आणलेली आंबटसर चिघळ, जिला मी जन्मभर तण म्हणून उपटलं. मी कधीमधी जिंकायचो, तरी खायचो. त्या म्हणायच्या, “मीठ म्हंजी आळशाची चव हाय, इवाई. टाकलं की झालं. बाकी चवी हुडकाव्या लागतात.”

पण हुडकायच्या कशा, हे कोडं मला तीन-चार महिन्यांनी पडलं. एके दिवशी घास हातात तसाच राहिला. ही बाई भाजी चाखत नाही! बोटसुद्धा चाटत नाही. गवंडी माल कालवताना थापीच्या आवाजावरून वाळू-सिमेंट ओळखतो, हे मला ठाऊक. पण आंबट-तिखट न चाखता?

“इहीणबाई, तुम्हाला कळतं कसं?”

“तुमच्या भुवया बघून,” दारातून त्या म्हणाल्या. “पयला घास गेला की डावी भुवई वर गेली, तर आंबट जास्ती. दोन्ही खाली आल्या, तर बरोबर. दुसऱ्या दिवशी तसं करते.”

मी थक्क झालो. माझ्या गेलेल्या बायकोनंही, देव तिचं भलं करो, माझं तोंड इतकं वाचलं नव्हतं.

ज्योतीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी रीत सुटली. कौसाबाई माझ्या घरी पहिल्यांदा ताटावर बसल्या. श्रीखंड-पुरीचा बेत होता. मी त्यांच्यापुढं एक झाकलेली वाटी ठेवली.

“वळखा.”

त्यांनी डोळे मिटून वास घेतला. “अंबाडी. कण्या घालून.” मग डोळे उघडले. “केली कुणी?”

“तेही वळखा.”

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. दोन बोटं भाजलेली होती. चुलीपुढं मी जन्मात पहिल्यांदा बसलो होतो, आणि भाजी चाखली नव्हती. त्यांनी अकरा महिने नाही चाखली, मग मी कसा चाखू?

त्यांनी घास घेतला. मी दारात उभा राहून भुवया बघत होतो. दोन्ही वर गेल्या.

“अगं बाई! लई अळणी हाय हो इवाई. असलंच घातलं का मी तुम्हाला वर्षभर?”

“मला तर कधी अळणी लागलं न्हाई.”

ज्योतीनं मिठाची वाटी पुढं केली. कौसाबाईंनी ती हातानं बाजूला सारली आणि श्रीखंडाला हात न लावता भाकर मागितली. शेवटच्या घासाला त्यांचे डोळे भरलेले होते, पण मी तिकडं पाहिलं नाही. मी भुवया बघत होतो. दोन्ही खाली आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या हदगावच्या गाडीत बसल्या. जाताना आमच्या माठातलं पाणी त्यांनी बाटलीत भरून घेतलं.