मागची सीट
पाळी जायच्या दिवसांत बायकोला विसरायला होऊ लागलं. बोलता बोलता तिचा शब्दच हरवायचा. डॉक्टर म्हणाल्या, सांभाळून घ्या. मग काय, मी समजूतदारपणाचा मक्ताच घेतला. उठसूट म्हणायचो, "असू दे गं, या वयात होतं असं."

परवा कुरवंड्याहून वडगावला निघालो. लोणावळ्यात पेट्रोल भरायला थांबलो, म्हणून ती स्कूटरवरून उतरली. टाकी भरली आणि मी निघालो. कार्ल्यापर्यंत तिला स्मरणशक्ती कशी वाढवावी ते समजावत होतो. ती गप्प, म्हणजे पटतंय, असं मला वाटलं. खड्डा आला, "घट्ट धर" म्हणत हात मागे नेला, तर सीट रिकामी!

तसाच उलटा फिरलो. ती पंपावर सावलीत उभी होती. मागे बसली, खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असू द्या हो, या वयात होतं असं."