नवसाबाईची दुपार

माझी धाकटी जाऊ नवसाबाई. देवानं तिला अंगावर मूठभर मांस दिलं आणि बाकीचं सगळं आवाजात घातलं. लग्न होऊन आली तेव्हा दोन दिवस खाली मान घालून बसून होती. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, पोर मुकी तर नाही ना? तिसऱ्या दिवशी शेजारचा बैल आमच्या मेथीत शिरला आणि तिनं ओट्यावरून एक हाळी दिली. बैल तर गेलाच, पण पाटापलीकडं धुणं धुणाऱ्या बायाही उभ्या राहून इकडं बघायला लागल्या. सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आमचा मळा नाशकाच्या कडेला, पाटाच्या अंगाला. मेथी, शेपू, कोबी, दसऱ्यापुरता झेंडू, आणि नवसाबाईच्या वाट्याला एक लहानशी द्राक्षाची बाग. महापालिका झाली तसा मळा शहरात गेला. घरपट्टी लगेच आली, नळ मागून रमतगमत आला. पण पाखरांना काही शहर-गाव कळत नाही. थंडीत मण्यांत पाणी उतरलं की भोरड्यांचे थवे यायचे, एका वेळी आभाळ काळं व्हावं इतके. लोक बागेत फटाके वाजवायचे, पत्र्याचे डबे बडवायचे. नवसाबाई मचाणावर बसून ओरडायची. तिच्या ओरडण्यावर शेजारच्या जयरामाचीही निम्मी बाग राखली जायची आणि तो ते कधी कबूल करायचा नाही.

चंदर तिचा एकुलता एक. तान्हा होता तेव्हा त्याची झोळी तिनं मचाणाखालीच बांधली होती. वर आई कंठ फोडतेय आणि खाली पोर गाढ झोपलंय, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मोठा झाल्यावर तो सातपूरला कारखान्यात लागला. पत्रा कापायच्या मोठ्या प्रेसवर. थर्ड शिप, म्हणजे रातपाळी, त्याच्या वाट्याला फार यायची. सकाळी सायकलवर घरी, अंघोळ, भाकरी, मग मागच्या खोलीत झोप, ती चारपर्यंत.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास मळ्यापलीकडच्या जुन्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवू लागले. आधी तिथं कधीतरी एखादं विमान यायचं आणि आम्ही पोरांच्या बरोबरीनं बाहेर पळून बघायचो. आता दिवसभर ती शिकाऊ विमानं. नवीन सायकल शिकणारं पोर अंगणात फेऱ्या मारतं ना, तसं. वर जायचं, वळायचं, खाली यायचं, चाकं टेकवायची की पुन्हा वर. वळण नेमकं आमच्या कौलांवर. घरातली भांडी मांडणीवर थरथरायची. मी तर बाई भांड्यांखाली फडकं घालून मोकळी झाले, पण चंदरच्या डोक्याखाली काय घालायचं? गोधडी पांघरून बघितली, कानात कापूस घालून बघितला. डोळा लागायचा, विमान यायचं, डोळा उघडायचा.

एके दिवशी चंदरची बायको सुवर्णा त्याचे कपडे धुवायला बसली. खिशात हातमोजा निघाला. मधल्या बोटाचा शेंडा कापलेला, अगदी सरळ, कात्रीनं कापावा तसा. ती तो घेऊन घरात आली. चंदर म्हणाला, काही नाही, बोट आत नव्हतं, मोजाच गेला. पण आम्हाला माहीत होतं की त्याच्या शेजारच्या मशिनीवरच्या गड्याची दोन बोटं दिवाळीआधीच गेली होती, तीही डुलकीनंच. नवसाबाईनं हातमोजा आपल्या हातात घातला. कापलेल्या जागेतून तिच्या बोटाचं पेर बाहेर आलं. बराच वेळ ती त्या बोटाकडं बघत राहिली. इतकी गप्प मी तिला लग्नातल्या त्या दोन दिवसांनंतर पहिल्यांदाच पाहिली.

मग ती सुलाबाईकडं गेली. सुलाबाई आमच्या भागाची नगरसेविका. बायांसाठी जागा राखीव झाली तेव्हा निवडून आली. सगळ्यांना वाटलं, कारभार नवरा करील. तिनं नवऱ्याला पिशवी धरायला ठेवलं आणि बोलायचं काम स्वतःकडं घेतलं. तिनं मनावर घेतलं हे खरं. आधी रस्त्यावर पाटी आली, 'शांतता क्षेत्र', आणि खाली हॉर्नवर फुली. त्या रस्त्यानं बैलगाड्या जायच्या. माझा दीर गोटीराम, म्हणजे नवसाबाईचा नवरा, म्हणाला की बैल आता वाचून वागायला लागले. मग आवाज अडवायला कुंपणाच्या कडेनं झाडं लावली. विमान वरून जातं आणि झाड खालून वाढतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण झाडं फुकट आली होती. शेळ्यांनी ती आनंदानं खाल्ली.

तेव्हा सुलाबाई म्हणाली, आता आवाज मोजून घेऊ. महापालिकेचा साहेब यंत्र घेऊन येईल. कागदावर आकडा चढला की विमानवाल्यांना ऐकावंच लागेल.

इथं आमच्या लोकांनी घोळ घातला. गारा पडल्यावर तलाठी पंचनाम्याला येतो, तेव्हा आम्ही त्याला सगळ्यात झोडपलेली ओळ आधी दाखवतो. एखादी बरी ओळ असली तर तिथं चहाला थांबत नाही. यात खोटं बोलतोय असं कोणालाच वाटत नाही. पाहुण्याचं येणं वाया जाऊ नये, एवढंच. मोजायला साहेब येणार म्हटल्यावर गोटीराम भाऊजींनी त्याच हिशोबानं तयारी केली. विमान वर आलं की आवाज जरा भरघोस निघावा, म्हणून चार गडी डबे देऊन घायपाताच्या कुंपणामागं बसवले. जयराम फटाके घेऊन आपल्या बागेत. नवसाबाईला तेवढी ताकीद होती की आज तोंड उघडायचं नाही. तिनं पदर तोंडात धरला आणि मचाणावर बसली.

साहेब आला, खुर्चीवर बसला, यंत्र तिपाईवर ठेवलं. विमान आलं. कुंपणामागून डबे वाजले. काटा चढला, भाऊजींचा चेहरा उजळला. विमान गेलं, पण गड्यांना हुरूप आला होता, ते काही थांबेनात. साहेब इकडंतिकडं बघायला लागला. तेवढ्यात जयरामानं फटाक्यांची लड लावली आणि त्याच्या बागेतला सगळा थवा उठून नवसाबाईच्या घडांवर येऊन बसला. तिच्या तोंडातला पदर सुटला. पुढचं तिच्या हातात नव्हतं. काटा पार कडेला जाऊन टेकला. साहेबानं वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं.

"हे कुठलं?" त्यानं विचारलं.

सुलाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "ही आमची नवसाबाई."

पुढं वॉर्डाच्या कचेरीत बैठक झाली. धावपट्टीवरचे साहेब भले होते, आम्हा बायांना खुर्च्या दिल्या. पण कागद त्यांच्या बाजूनं बोलत होता. विमानाचा आवाज अमुक, मळ्याचा त्याहून जास्त. वर त्यांनी आणखी एक सांगितलं. तुमच्या डब्यांनी आणि फटाक्यांनी थवा उठतो तो धावपट्टीकडं जातो, मग शिकणारं पोर घाबरून उतरायचं सोडून पुन्हा वर जातं. निम्म्या फेऱ्या त्यामुळंच. शिवाय पाखरू पंख्यात गेलं तर जीवच जायचा. हे कोणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. गोटीराम भाऊजी डब्यांबद्दल खरं सांगायला उठत होते. सुलाबाईनं त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

नवसाबाई उठली आणि तिनं हातमोजा टेबलावर ठेवला.

"साहेब, माझा पोरगा रातभर मशिनीवर असतो. त्याला दुपारची झोप पाहिजे. दुसरं काय बी नको."

साहेब म्हणाले, बाई, आमचंही काम आहे.

"हाय ना. म्हणून आधी आम्ही गप बसतो. जेवणं झाल्यापासून चारपर्यंत आमच्या मळ्यात डबा वाजणार नाय, फटाका नाय, आन् मी बी नाय. पाखरं खाली राहतील. मग तुम्ही तुमचं बघा."

"आणि द्राक्षं?"

"द्राक्षं पुढल्या साली लागतील," ती म्हणाली, आणि हातमोज्याच्या कापलेल्या जागेतून आपलं बोट बाहेर काढून दाखवलं.

साहेबांनी काही कबूल केलं नाही. बघू म्हणाले. घरी येताना गोटीराम भाऊजी चार पावलं पुढं चालत होते. वर्षाचा नगद पैसा त्या बागेतच होता. पुढं कितीतरी दिवस त्यांना चहा हवा असला तरी ते सुवर्णाला सांगायचे, बायकोला नाही. जयरामही तणतणला, पण सुलाबाई त्याच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तो हो म्हणेपर्यंत उठलीच नाही.

जयरामानंच मग एक तोड काढली. सटाण्याकडं त्याच्या मेव्हण्यानं डाळिंबाच्या बागेत कॅसेटच्या फिती ताणल्या होत्या. वाऱ्यानं त्या गुणगुणतात, उन्हात चमकतात, पाखरू बिचकतं. मळ्यातल्या सगळ्या जुन्या कॅसेटी निघाल्या. माझ्या भजनाच्या गेल्या, आमच्या ह्यांच्या तमाशाच्या गेल्या. भजन आणि तमाशा एकाच बांधावर शेजारी शेजारी गुणगुणत होते. भोरड्या थोडे दिवस बिचकल्या, मग त्याच फितींवर बसून द्राक्षं खायला लागल्या. कडेच्या ओळी गेल्या. नवसाबाई मचाणाखाली हात मांडीवर ठेवून बसायची. डोळ्यांसमोर घड जातोय आणि ओठ घट्ट मिटलेले. विमानं चालूच होती. चंदर म्हणाला, आई, सोड हे, मी सवय करून घेतो. ती म्हणाली, अजून बघू.

आणि एका दुपारी विमान आलं नाही. आम्हाला आधी कळलंच नाही. मी शेपू निवडत होते, सुवर्णा धान्य पाखडत होती. मग जाणवलं की सुपाचा आवाज येतोय. पुढं सुलाबाईकडून निरोप आला, की साहेबांनी शिकणाऱ्यांच्या फेऱ्या सकाळ-संध्याकाळ घातल्या आणि वळण पलीकडच्या माळावर नेलं. पण ते नंतर. त्या दुपारी नुसती शांतता होती, इतकी की पाटाचं पाणी ऐकू यावं. आम्ही दोघी एकमेकींना खुणेनं सांगत होतो की झोपू दे, झोपू दे.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. चंदर बनियनवर, गोधडी खांद्यावर लोंबतेय, अनवाणी मचाणाकडं धावत सुटला.

"आई!"

नवसाबाई दचकून उठली. "काय झालं रं? इमान तर नाय आलं."

"तुझा आवाज नाय," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, पडलीस का काय वरून."

इतके दिवस ती गप्पच होती, हे त्याला माहीत होतं, पण विमानांच्या घरघरीत त्याच्या झोपेला ते कळलं नव्हतं. आता सगळंच थांबल्यावर कळलं. गोटीराम भाऊजी बांधावर होते. त्यांना हसू आवरेना. किती दिवसांनी हसले. बायकोला म्हणाले, "जा, पोराला झोपव. एवढा मोठा झाला तरी झोळीतच हाय."

मग नवसाबाई मेथीची पाटी घेऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली आणि सुवर्णाशी हळूहळू बोलायला लागली. तिचं हळू बोलणं म्हणजे आमच्या घरचं भांडण, पण पाखरं काही उठली नाहीत. मेथीची पहिली जुडी निवडून होईतो चंदर घोरायला लागला. त्या हंगामात रोज दुपारी हेच. सुवर्णाला सासूच्या माहेरची सात पिढ्यांची हकिगत त्या उंबऱ्यावरच कळली. मध्येच ती उठायला लागली की नवसाबाई तिला हातानं धरून बसवायची.

पुढं चंदरला दिवसपाळी मिळाली. बागेवर आता जाळ्या आल्यात, विमानं कधी असतात, कधी नसतात. 'शांतता क्षेत्र'ची पाटी अजून आहे, तिच्यावर कोणीतरी घर भाड्यानं देणं आहे म्हणून कागद चिकटवलाय. नवसाबाईचा आवाज आता बारीक झाला. जवळ बसलं तरच कळतो.

परवा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चंदर कारखान्यातल्या मशिनीसाठी आमच्याच झेंडूची माळ ओवत बसला होता. बोटं भराभर चालत होती. नवसाबाई शेजारी बसून ती बघत होती, माळ नाही, बोटं. सुट्टीचा दिवस, दुपार झाली, माळ पुरी झाली तसा तो तिथंच फुलांच्या पाटीजवळ आडवा झाला. मी तिला काहीतरी विचारायला तोंड उघडलं. तिनं मला गप्प केलं आणि आपण मात्र बोलायला सुरुवात केली, त्या बारीक आवाजात, त्या बैलाची गोष्ट.