वरचा हातभर गाळ

सूक्ष्मदर्शकाखाली एका काचेवर तीनशे पराग मोजायचे, मगच दुसरी काच. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहा महिने मी दुसरं काही केलं नाही. मान कामातून गेली, डोळ्यांची पार वाट लागली. घरचे विचारायचे, तळ्यातल्या चिखलात एवढं काय ठेवलंय? काय सांगणार, कप्पाळ! झाडांचे पराग उडून पाण्यात पडतात आणि गाळात थरावर थर टिकून राहतात. खालचा थर जुना, वरचा अलीकडचा. अंजनी-जांभळाचे पराग घटले, गवताचे वाढले, की रान तुटलं समजायचं.

तळं शाहूवाडीच्या डोंगरातलं. ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून गावातल्या एका म्हाताऱ्यांनी आम्हाला मधोमध नेलं, गाळ काढायला तळात नळी ठोकायलाही हात लावला. परतताना म्हणाले, "म्याडम, आख्खं गाव म्हणतंय, ह्ये रान माझ्या बानं कोळशापायी तोडलं. मी शाळंत असल्यापासनं ऐकतोय. बा म्हणायचा, त्येच्या आधीच तुटलं हुतं. तुमच्या गाळात कळंल न्हवं?"

"कळेल की मामा," मी म्हणाले. कुठून बोलले असं नंतर झालं मला.

गाळाच्या वयाचा अहवाल आला. सगळ्यात वरचा थरच कित्येक शतकं जुना निघाला, आणि त्यात रान अगदी दाट. त्यानंतरचा गाळ नव्हताच. माझे सहा महिने गेले, त्याचा संताप होता. पण मामांना तोंड कसं दाखवायचं, हे जास्त जड होतं. फोनवर सांगवेना, म्हणून गेले.

"मामा, तुमच्या वडिलांच्या काळाचा गाळ तळ्यात नाहीच. कुणीतरी उपसून नेलाय."

"व्हय, एका उन्हाळ्यात तळं आटलं हुतं. समद्यांनी न्हेला शेतात. लई कसदार! मी तर ट्रॅक्टर लावून न्हेला की."

मग ते लगबगीनं उठले, मागच्या वावरातून ढेकूळ घेऊन आले. "ह्यो बघा त्योच गाळ. ह्येच्यात बघा की."

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण मी सांगितलं, "नांगरलेल्या मातीत सगळं मिसळून जातं, मामा. आता ह्यातून काही नाही कळणार."

मामांनी ढेकूळ हातात फिरवून पाहिलं.

"म्हंजी बाचा पुरावा मीच भाताला घातला की ओ."