निर्गुडीचा पाला आणि एक जास्तीचं वाक्य

माझा धाकटा दीर भारताकडून फुटबॉल खेळला. बॅक होता तो, म्हणजे गोल करणारा नव्हे, गोल होऊ न देणारा. अशा माणसाचं नाव पेपरात येत नाही. चूक झाली तरच येतं. मी लग्न होऊन मलकपेठेत आले तेव्हा हा शाळेत जात होता, म्हणून भावजी-बिवजी मी कधी म्हटलंच नाही, अरेतुरेच. तो मात्र मला आजही ‘अहो वहिनी’.

अनवाणी खेळत मोठा झाला. मग एका सरकारी कारखान्यानं खेळावर नोकरी दिली. सिकंदराबादच्या मैदानावर त्यांचा संघ खेळायचा, आणि तिथूनच तो देशाकडून तीन सामने खेळून आला. घरी केबल नवीन आलं, तेव्हा तो मला परदेशातले सामने दाखवायचा. वेल्स नावाचा देश असतो हे मला तिथल्या एका बॅकमुळे कळलं. “बघा वहिनी, तो बॉलकडे बघतच नाही. समोरच्याच्या कंबरेकडे बघतो. पाय फसवतात, कंबर फसवत नाही.” मी आपली ‘हौ हौ’, म्हणजे हो हो, म्हणत शेंगा सोलायची.

त्याच सुमारास कारखान्यांत नवं वारं शिरलं. खेळाडूंची भरती बंद झाली, संघ मोडणार अशी कुजबुज सुरू झाली. देशाच्या शिबिरात पुन्हा नाव आलं असतं तर दुसऱ्या शहरातल्या एखाद्या मोठ्या क्लबानं त्याला घेतलं असतं. नाही तर उरलेला जन्म फायली. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

एक दिवस सकाळी निवड करणारे एक साहेब घरी आले. स्वतः जुने खेळाडू, दिराला लहानपणापासून ओळखणारे. दीर ड्यूटीवर. मी चहा-बिस्किटं ठेवली. “क्या भाभी, हमारा शेर कैसा है?” त्यांनी सहज विचारलं.

आता एवढं विचारल्यावर गप्प बसेन तर ती मी कसली! गुडघा थोडा सुजलाय, निर्गुडीचा पाला गरम करून बांधतेय, असं सांगितलं. इथपर्यंत खरं होतं. दोनच दिवस बांधला होता. पण साहेब म्हणाले, “आप तो उसकी माँ के बराबर हैं,” आणि मी फुगले. दोन दिवसांचा पाला मी महिनाभराचा केला. तेवढ्यावरही थांबले नाही. म्हणाले, जिना उतरताना मी हात धरते तेव्हा कुठे उतरतो बिचारा.

हे कधी घडलंच नव्हतं. माझी सेवा मोठी दिसावी म्हणून वाक्य आपोआप तोंडातून गेलं. साहेबांनी कप खाली ठेवला. “अच्छा?” म्हणाले, बस्स.

शिबिराची यादी आली, त्यात त्याचं नाव नव्हतं. घरात सगळ्यांनी साहेबांचा उद्धार केला. लाच खाल्ली असेल, बंगालच्या पोरांना घेतलं असेल. सर्वात मोठा आवाज माझा. “घरी येऊन माझा चहा पिऊन गेला मेला!” दीर समोर जेवत होता. तो भात कालवत राहिला.

वर्षभरात संघ मोडला. तो फायलींवर बसला आणि पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला. घरात ते साहेब तेवढे कायमचे खलनायक झाले. मी एकदाही म्हटलं नाही की अहो थांबा, ते नव्हेत.

या संक्रांतीला त्याच्याकडे गेले होते. आम्ही दोघंच बाहेर बसलो होतो. मनाचा हिय्या करून म्हटलं, “तुझं नाव माझ्यामुळे गेलं रे.”

“माहीत आहे की.”

“कसं?”

“साहेबांनी त्याच संध्याकाळी मैदानावर विचारलं ना. जिना उतरताना वहिनी हात धरतात म्हणे, खरं का?”

“मग? काय म्हणालास?”

“हौ म्हटलं.”

“अरे वेड्या, हौ काय? तिथल्या तिथे धावून दाखवायचंस!”

“घरच्या बाईनं चहा देऊन सांगितलेलं. परक्या माणसापुढे तुम्हाला खोटं पाडू का?” आणि हसला. “शिव्या मात्र काय घालत होतात वहिनी! मी म्हटलं, बघू तरी कधी थांबतात.”

मला हसू येईना. “खरं सांग, खेळू शकला असतास?” त्यानं नाही म्हणावं म्हणून मी विचारलं होतं.

“खेळलो असतो की,” तो म्हणाला. “चार-पाच वर्षं आरामात.” आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. आता माझ्या त्या वाक्याबरोबर त्याचं ‘हौ’सुद्धा माझ्याच अंगावर आहे.