लंकाबाईचं कासव

हिरामण भोयेंची उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली. घरात काय चालतं ते बघायला त्यांना सवड नसे, आणि खरं सांगायचं तर हौसही नसे. बायको लंकाबाई पेठकडची. तिचा भाऊ मंगळू याला शेताच्या बांधावर एक कासव सापडलं, ते तिनं नाशिक रोडच्या घरी आणलं. घरामागच्या अंगणात खडबडीत दगडी फरशी होती. कासव तिथं दिवसभर फिरायचं, मेथीची पानं खायचं, आणि लंकाबाईची चाहूल लागली की मान बाहेर काढायचं.

निवृत्त झाल्यावर हिरामणनी अंगणात गुळगुळीत टाइल्स बसवायला काढल्या.

"कासवाचे पाय सटकतील," लंकाबाई म्हणाली.

"घर कासवासाठी बांधलंय का आपण?" ते म्हणाले, आणि विषय तिथंच संपला.

दगडावर घासून झिजणारी नखं मग झिजेनात. वाढून वाकडी झाली, गोणपाटात अडकायला लागली. लंकाबाई सकाळच्या उन्हात कासवाला पालथ्या डब्यावर ठेवायची. पाय अधांतरी राहिले की नखांची नुसती टोकं कापायची.

"अहो, जरा धरता का? लय हलतंय."

"तुझं तू बघ," हिरामण पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे. "आणि पार्लर उघड आता कासवांचं."

तीही हसायची. पुढं पुढं तिनं त्यांना हाक मारणंच सोडलं. शेजारच्या तृप्तीला बोलवायची.

२००३च्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त होऊन लंकाबाई गेली. त्यानंतर कितीतरी दिवस कासवाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एका संध्याकाळी हिरामणना दिसलं, त्याचं नख पायपुसण्यात अडकलंय आणि ते पाय ओढतंय. त्यांनी आपलं नेलकटर आणलं, कासव मांडीवर दाबून धरलं आणि अंधुक उजेडातच सगळ्यांत लांब नख एका झटक्यात तोडलं.

टाइल्सवर रक्त टपकलं. कासवानं पाय आत ओढला, डोकं आत घेतलं. ते ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं हिरामणना वाटलं.

फडकं दाबूनही रक्त थांबेना. शेवटी त्यांनी तृप्तीला हाक मारली. तिनं घरातून मक्याचं पीठ आणलं, चिमूटभर नखावर लावून बोटानं दाबून धरलं. हळूहळू रक्त थांबलं.

"तुला कसं ठाऊक?"

"काकूंनी दाखवलं होतं. पहिल्यांदा त्यांच्या हातूनही थोडं लागलं होतं, काका. मग त्या कासव पिशवीत घालून, बसनं, नाशकातल्या द्वारका चौकातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन विचारून आल्या."

"मला बोलली नाही कधी."



दुसऱ्या दिवशी हिरामण त्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जखम धुतली आणि समजावलं, "नखाच्या आत शीर असते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून भरपूर उजेडात अगदी थोडं थोडं कापायचं. फार वाढलेलं नख एकदम आखूड करायला जायचं नाही. थोडं कापायचं, काही आठवडे जाऊ द्यायचे, मग पुन्हा थोडं. आणि चालायला खरखरीत जागा असली तर बऱ्याचदा कापायची वेळच येत नाही."

"खरखरीत जागा होती," हिरामण म्हणाले. "मीच बुजवली."

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. असं कासव घरी पाळायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा बरं झालं की वनखात्याकडे द्या.

हिरामणनी निम्म्या अंगणातल्या टाइल्स उखडून दगडी फरशी घातली. उन्हात बसून, तृप्तीला धरायला सांगून, ते नखांची टोकं कापू लागले. "तिनं हाक मारली तेव्हा उठायला माझं काय जात होतं गं?" एकदा ते म्हणाले. तृप्तीनं कासवाची पकड सोडली नाही.

जखम भरली. तरी हिरामणचं पाऊल वाजलं की कासव मान आत घ्यायचं. उन्हाळ्यात ते त्याला वनखात्याच्या लोकांकडे घेऊन गेले. गार्डनं त्याला कुंपणाच्या आत गवतात सोडलं. बराच वेळ ते हललं नाही. मग डोकं बाहेर आलं, आणि ते संथपणे झुडपाकडे निघालं. गार्ड फाटक लावायला आला, तरी हिरामण तिथंच उभे होते.