फिल्म पुढे सरकलीच नव्हती

फोन हातात असताना फिल्मवर कशाला शूट करायचं, असं कुणी विचारलं की एके काळी मी तासभर बोलत असे. ऑफिसच्या कँटीनमध्ये बोलायचो, लग्नात भेटलेल्या नातेवाइकांशी बोलायचो, मालवीय नगरच्या चहावाल्याशीसुद्धा बोललो आहे. आता विषय निघाला की गप्प बसतो. का, ते सांगायचं आहे.

नोकरीसाठी सांगलीहून जयपूरला आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी मला सुपर-एटचं वेड लागलं. ही फिल्म करंगळीहूनही अरुंद असते. एका डबीत जेमतेम तीन मिनिटांचं चित्रण मावतं, तेही बिनआवाजाचं. काय टिपलं गेलं ते फिल्म धुऊन येईपर्यंत कळत नाही. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये एक काका राहत. मूळचे भुसावळचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे चालू स्थितीतला प्रोजेक्टर होता. महिन्यातून एका रविवारी, जेवणं झाल्यावर, आम्ही पाच-सहा हौशी माणसं त्यांच्या हॉलमध्ये जमायचो. खिडक्यांवर चादरी लावून आपापली रिळं दाखवायचो. नियम एकच होता, फिल्मवर काढलेलंच दाखवायचं.

"फोनवर दहादा काढता येतं, म्हणून माणूस एकदाही नीट बघत नाही," काका म्हणायचे. "फिल्म असली की, मतलब, आधी बघावं लागतं. मगच बटण दाबवतं."

हे वाक्य मी उचललं आणि माझं म्हणून सगळीकडे वापरलं. खरं कारण वेगळं होतं. ऑफिसात माझ्यासारखे शंभर जण होते. तो जुना कॅमेरा गळ्यात अडकवला की लोक थांबून विचारायचे. मला ते आवडायचं.

आमच्यात एका शाळेत चित्रकला शिकवणारी जयपूरचीच एक बाई होती. मामाचा जुना कॅमेरा घेऊन नुकतीच यायला लागली होती. एका शनिवारी आम्ही दोघं जयपूरजवळच्या बगरू गावी गेलो. लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या एका वयस्क कारागिराने आम्हाला आपल्या छपराखाली येऊ दिलं. लांबलचक टेबलावर कापड पसरलेलं होतं. ते ठसा रंगात बुडवायचे, कापडावर टेकवायचे आणि वर मूठ आपटायचे. एकही ठसा इकडचा तिकडे होत नव्हता. बाईंनी कितीतरी वेळ नुसतं पाहिलं, मग सावलीत बसून छोटे छोटे तुकडे घेतले. मीही डबी संपेपर्यंत घेत गेलो. शिवाय शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून फोन उभा केला आणि त्यावर सगळं रेकॉर्ड होऊ दिलं. कुणाचं लक्ष नाही असं मला वाटलं. फक्त खबरदारी म्हणून, असं मनाशी म्हटलं.

घरी येऊन कॅमेरा उघडला तेव्हा कळलं की डबी नीट बसलीच नव्हती. मोटर फिरत राहिली, फिल्म मोजणारा काटा पुढे सरकत राहिला आणि फिल्म जागची हललीच नाही. बगरूचा सगळा दिवस एकाच चौकटीवर पडून जळून गेला होता.

तीन आठवड्यांनी आमच्या ठरलेल्या रविवारी जाऊन एवढंच सांगायचं होतं. हसले असते सगळे, काकांनी डबी कशी बसवायची ते पुन्हा दाखवलं असतं. पण महिनाभर मी त्या शूटिंगबद्दल बोलत आलो होतो. मी फोनवरचं चित्रण घेतलं, आवाज काढला, रंग उडवले, त्यावर कॉम्प्युटरने जुन्या फिल्मसारखे दाणे आणि ओरखडे चढवले, चित्र थोडं थरथरवलं. रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो. मुंबईच्या लॅबने फिल्म धुऊन तिची फाइल पाठवलीय, रीळ कुरिअरने येतंय, असं सांगितलं.

आधी बाईंचं रीळ लागलं. काकांनीच ते न्हाणीघरात धुतलं होतं. अर्ध्याहून जास्त काळोख होता, मधूनच एखादी मूठ, एखादा पांढरा कापडाचा कोपरा दिसायचा. संपल्यावर त्या म्हणाल्या की सावलीचा अंदाज चुकला. मग माझं लागलं. सगळे टक लावून पाहत राहिले. काकांनी ते दोनदा लावायला लावलं. आतून काकूंना बोलावलं आणि म्हणाले, "बघ, आपल्या सांगलीच्या पोराचं काम."

तिथे तरी गप्प बसायचं. पण मी बाईंकडे वळलो आणि त्यांना प्रकाश कसा वाचायचा ते समजावू लागलो. फिल्मला माफी नसते, असंही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि रीळ डब्यात ठेवून दिलं. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. शाळेत परीक्षा असतील, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

मग काकांनी ठरवलं की सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या फिल्म दाखवायच्या, आणि माझी फिल्म प्रोजेक्टरवरच चालवायची. रीळ मागितलं तेव्हा मी म्हणालो की ते कुरिअरमध्ये हरवलं.

कुणाशी बोलतोय याचं मला भान राहिलं नाही. हरवलेली पार्सलं शोधण्यात त्या माणसाची उभी नोकरी खर्ची पडली होती. ते ताठ बसले. पावतीचा नंबर काय, पाकीट केवढं होतं, कुठल्या तारखेला निघालं, सगळं विचारलं. मी पावती शोधतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी त्यांनी तक्रारीचं पत्र वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून तयार ठेवलं. नंबरापुरती जागा तेवढी मोकळी सोडली होती. "पार्सल हरवत नाही रे," ते फोनवर म्हणाले, "कुठेतरी पडून असतं. माणसाने पाठ सोडायची नाही."

त्या संध्याकाळी मी स्कूटरवरून प्रताप नगरला गेलो. पत्र टेबलावर होतं, वर चष्मा ठेवलेला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. डबी बसली नव्हती, ते फोनवरचं होतं, कुरिअर वगैरे काही नव्हतंच. काकांनी चष्मा उचलला, पत्राची घडी केली आणि खिशात ठेवली. काकूंनी चहा आणला होता, त्या तो घेऊन तशाच आत गेल्या.

मग काका म्हणाले, "तुम्ही त्या मास्तरणीला सांगितलं का?"

इतकी वर्षं ते मला अरे-तुरे करत आले होते. त्या 'तुम्ही'ने मला जे झालं ते त्यांच्या शिव्यांनी झालं नसतं. मी नाही म्हणालो. "मग आधी तिकडे जायला हवं होतं," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाईंच्या शाळेत गेलो. त्या चित्रकलेच्या वर्गात ब्रश धूत होत्या. मी हिंदीत, घरून जुळवून आणलेली वाक्यं बोलायला लागलो. दोनच वाक्यं झाली असतील, त्यांनी नळ बंद केला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "गठ्ठ्याला टेकवलेला तुमचा फोन मी बगरूलाच पाहिला होता."

मग त्या दिवशी काही बोलला का नाहीत, मी विचारलं.

"चारचौघांत तुमचं तोंड उतरलं असतं, म्हणून. आणि मग तुम्ही मला प्रकाश शिकवायला लागलात."

रागावून नाही, एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. कॅमेरा त्यांनी मामाला परत करून टाकला होता. माझ्यासाठी त्या गप्प राहिल्या होत्या, आणि मी त्याच शांततेवर उभा राहून त्यांना उपदेश केला होता. मी माफी मागितली. त्यांनी ती नाकारली नाही, घेतली असंही म्हणाल्या नाहीत. घंटा झाली, मुलं आत यायला लागली, आणि त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं कारण मी फळ्यासमोर उभा होतो.

त्या रविवारी मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. सोसायटीच्या कार्यक्रमात माझं काहीच लागलं नाही. काकांनी बाईंना स्वतः जाऊन विचारलं, आणि त्यांचं ते अर्धं काळोखातलं रीळ तिथे दाखवलं. त्या आल्या होत्या, मागच्या रांगेत मामांबरोबर बसल्या होत्या. मी खुर्च्या लावायला मदत केली आणि दाराशी उभा राहिलो. पडद्यावर मूठ दिसली की मामा वाकून त्यांना काहीतरी विचारायचे, आणि त्या हातानेच ठसा मारून दाखवायच्या.